मोजणी जानेवारीत, परीक्षा चैत्रात

फेब्रुवारी सरता सरता गेटवेहून घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या बोटींमागे उडणाऱ्या कुरवांची डोकी रंगू लागतात. डिसेंबरात ज्यांच्या कानामागे एखादाच काळपट ठिपका होता, त्यांच्या डोक्यावर आधी करडे शिंतोडे दिसतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेकांचं डोकं टाळूपासून गळ्यापर्यंत चॉकलेटी होतं. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा हा विणीचा वेश. नवी पिसं आलेली असतात, छातीचे स्नायू भरत असतात आणि एप्रिल निम्मा होईतो यातले बहुसंख्य पक्षी निघून गेलेले असतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला ते येतात तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रं छापली जातात, ‘पाहुणे आले’ असे मथळे येतात. ते जातात तेव्हा शहर परीक्षा, उन्हाळा आणि पाणीकपात यांत बुडालेलं असतं. शहर आणि त्याचा किनारा हा या सदराचा नेहमीचा विषय आहे, आणि या आठवड्यात एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. मुंबईच्या खाड्या, चिखलपट्टे आणि मिठागरं पक्ष्यांसाठी किती मोलाची आहेत, याचा निवाडा पक्षी येतात तेव्हा होत नाही, ते निघतात तेव्हा होतो. आणि नेमक्या त्याच दिवसांकडे आपली मोजणी बघत नाही, परवानग्या देणारी यंत्रणाही बघत नाही.

सुरुवात कुरवांपासून करायचं कारण सरळ आहे. स्थलांतर म्हणजे काय हे दुर्बिणीशिवाय दाखवणारा दुसरा पक्षी मुंबईत नाही, आणि तरीही सगळ्यांना मिळून ‘सीगल’ म्हणण्यापलीकडे आपण जात नाही. बोटीमागच्या थव्यात तपकिरी डोक्याचा कुरव सर्वांत सहज ओळखता येतो: डोळा फिका, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे डाग. त्याच्यासोबत काळ्या डोक्याचा कुरव असतो. तो अंगाने जरा लहान, डोळा गडद आणि उडताना पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी. बारीक चोचीच्या कुरवाचं कपाळ उतरतं असतं. त्याचं डोकं उन्हाळ्यातही पांढरंच राहतं, पण छातीवर गुलाबी झाक चढते. पल्लासचा कुरव या सगळ्यांपेक्षा थोराड. त्याचं डोकं इतरांच्या आधी, कधीकधी जानेवारी संपायच्या आतच काळंभोर होतं. ह्यूग्लिन्स गल पाठीने गडद करडा असतो आणि त्याला विणीच्या काळातही टोपी येत नाही. बोटीवर हमखास ऐकू येतं की हे सगळे सायबेरियातून आलेत. ह्यूग्लिन्स गलच्या बाबतीत ते खरं आहे, त्याची वीण रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रात होते. तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण मात्र मध्य आशियाच्या उंच पठारांवर होते. तिबेटमध्ये, चीनच्या चिंगहाई सरोवराकाठी आणि आपल्या लडाखमध्येही. साडेचार हजार मीटर उंचीवरचं त्सो कार सरोवर त्याचं विणीचं ठिकाण आहे आणि २०२० पासून ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. मुंबईहून लडाख सरळ रेषेत सुमारे सतराशे किलोमीटर. वाटेत हिमालय. तिथलं पाणी मोकळं होतं मे महिन्यात आणि पुन्हा गोठायच्या आत घरटं, अंडी, पिल्लं, पिल्लांचं उडायला शिकणं हे सगळं उरकायचं असतं. उशीर चालत नाही, आणि अशक्त पोचूनही चालत नाही.

पोचण्याची ताकद कुठे तयार होते, या प्रश्नाचं उत्तर पक्षीशास्त्राने गेल्या काही दशकांत फार नेमकेपणाने दिलं आहे. सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर उपसागरातला आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे जाणारे रेड नॉट हे चिखलपक्षी मे महिन्यात तिथे उतरतात. त्याच वेळी नालेच्या आकाराचे खेकडे, म्हणजे हॉर्सशू क्रॅब, किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजनाने उतरलेला पक्षी दोनेक आठवडे ही अंडी खाऊन निदान १८० ग्रॅमपर्यंत भरतो आणि मग आर्क्टिककडे झेपावतो. १९९०च्या दशकात आमिषासाठी या खेकड्यांची बेसुमार पकड झाली आणि अंडी घटली. पुरेसं वजन न भरता निघणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण वाढलं. संशोधकांनी २००४ मध्ये जे आकडे प्रसिद्ध केले ते सुन्न करणारे होते: प्रौढ पक्ष्यांचं वर्षागणिक जगण्याचं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर आलं होतं. हिवाळा जिथे काढला तो किनारा तसाच होता, विणीचा टुंड्राही तसाच होता. मधल्या एका मुक्कामावरची दोन आठवड्यांची शिदोरी कमी पडली, एवढंच. न्यू जर्सी राज्याने २००८ मध्ये खेकड्यांची पकड बंद केली ती या पुराव्याच्या बळावर.

यावर नेहमीचा आक्षेप असा की पक्ष्याला पंख आहेत, एक जागा गेली तर तो दुसरी शोधेल. हे वाक्य मुंबईत प्रत्येक भरावाच्या वेळी ऐकू येतं, म्हणून त्याची परीक्षा जिथे झाली तिथला निकाल सांगायला हवा. दक्षिण कोरियात सेमांगम इथे तेहतीस किलोमीटरहून लांब सागरी भिंत बांधून २००६ मध्ये एक अवाढव्य खाडीमुख बंद करण्यात आलं. पूर्व आशियातून उत्तरेकडे जाणाऱ्या ग्रेट नॉट या पक्ष्याचा तो मोठा वसंतातला मुक्काम होता. पक्षी शेजारच्या चिखलावर सरकले असते तर तिथली संख्या वाढलेली दिसली असती. तशी ती दिसली नाही. ऑस्ट्रेलियातल्या हिवाळी ठिकाणांवरही ग्रेट नॉट कमी झाले आणि २०१५ मध्ये ही जात धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेली. कारण उघड आहे. शेजारचा चिखल रिकामा नसतो, त्यावर आधीच इतर पक्षी चरत असतात, आणि प्रत्येक चिखलात सारखं अन्न नसतं. एका ठिकाणी चिखलातले कृमी, दुसरीकडे शिंपले, तिसरीकडे वाळू. घाईत असलेल्या, उपाशी पक्ष्याकडे नवी जागा धुंडाळायला वेळ नसतो.

आता मुंबई. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ६,५०० हेक्टरहून जास्त क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला. हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय ज्यांचं त्यांना द्यायलाच हवं. पण अभयारण्याची रेघ आखली की पक्ष्याचा दिवस त्या रेघेत मावतो, असं नाही. पक्ष्याचा दिवस भरती-ओहोटीने ठरतो. ओहोटीला शिवडीपासून ऐरोलीपर्यंत चिखल उघडा पडतो तेव्हा गॉडविट, कर्ल्यू सँडपायपर, लिटल स्टिंट, ग्रे प्लोव्हर त्यावर पसरतात आणि किडे, शिंपले, बारीक खेकडे टिपतात. भरती चढली की चिखल बुडतो, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तर तिवरांच्या बुंध्यापर्यंत पाणी येतं. मग हे सगळे पक्षी काही तास कुठे तरी उभे राहिलेच पाहिजेत. ते उभे राहतात मिठागरांत, उरणजवळच्या पाणज्यात, नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर आणि पाणथळींत. यांतल्या बऱ्याच जागा अभयारण्याच्या बाहेर आहेत. विसाव्याची जागा बुजली, तिथे राडारोडा पडला किंवा कुत्री आणि माणसं सतत फिरू लागली, तर पक्षी भरतीभर हवेत घिरट्या घालतात आणि ओहोटीला मिळवलेली चरबी भरतीला जाळतात. हिवाळ्यात हा तोटा दुसऱ्या दिवशी भरून निघू शकतो. निघायला आठच दिवस उरलेले असताना तो भरत नाही. लिटल स्टिंटचं अख्खं वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतं, आणि त्याला सायबेरियाच्या टुंड्रापर्यंत जायचं असतं. त्यात दोन-तीन ग्रॅमचा फरक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

वसंत आणि उन्हाळ्याच्या सांध्यावरच आपल्या पाणथळींचे वाद उफाळतात, हाही योगायोग नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरुळच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येईनासं झालं, तळं सुकलं आणि फ्लेमिंगो दगावले. त्यानंतर महिन्याभराने, २० मे २०२४ च्या रात्री, घाटकोपरला उतरत्या विमानाला थवा धडकून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले. विमानाच्या अपघाताचं खापर कोणा एका गोष्टीवर फोडता येणार नाही आणि ते फोडण्याची घाईही करू नये. पण महिना लक्षात घ्यावा. मे म्हणजे फ्लेमिंगोंच्या जाण्याचे दिवस, थवे जागा बदलण्याचे, रात्री उठण्याचे दिवस. अशा वेळी विसाव्याच्या जागा डळमळीत ठेवणं हा धोका आहे, हे कळायला आणखी पुरावा लागू नये. डीपीएस तळं पुढे २०२५ मध्ये संवर्धन राखीव करण्याचा निर्णय झाला. उशिरा झाला, तरी तो योग्यच निर्णय आहे.

इथे जाणकार विचारतील की मोजणी होत नाही असं कसं म्हणता? आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, बीएनएचएस ही संस्था आणि शेकडो स्वयंसेवक त्यासाठी राबतात. खरं आहे, आणि या गणनेचं मोल मोठं आहे. जानेवारीत पक्षी स्थिरावलेले असतात, म्हणून देशोदेशींचे आकडे एकत्र बांधता येतात. पण ज्या गुणामुळे ही गणना तुलनेसाठी चांगली आहे, त्याच गुणामुळे ती एका प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. वसंतात पक्षी स्थिर नसतात. १५ मार्चला एखाद्या मिठागरावर पाचशे स्टिंट दिसले आणि १५ एप्रिललाही पाचशेच दिसले, तर ते तेच पाचशे असतील असं नाही. पहिले गेले असतील, दक्षिणेकडून आलेले दुसरे त्यांच्या जागी चरत असतील, आणि मधल्या काळात तिसरे येऊन गेले असतील. म्हणजे त्या मिठागरावर विसंबलेल्या पक्ष्यांची संख्या पाचशेच्या कितीतरी पट असू शकते, आणि एका दिवसाची मोजणी ती कधीच दाखवणार नाही. प्रकल्पांच्या पर्यावरण अभ्यासात तर पावसाळा वगळून कुठल्या तरी एका ऋतूची पाहणी पुरेशी धरली जाते. ती हिवाळ्यात केली तर वसंत कागदावर उमटतच नाही. उन्हाळ्यात केली आणि मे महिन्याच्या मध्याला सुरू केली, तर जागा रिकामी दिसते आणि अहवालात ‘फारसे पक्षी आढळले नाहीत’ असं लिहिलं जातं. दोन्ही वेळा माहिती खरी असते आणि निष्कर्ष चुकीचा.

याचं ताजं उदाहरण मिठागरांचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. निर्णयाच्या बाजूचं म्हणणं असं की या जमिनी महामार्गाच्या अलीकडे आहेत, तिथे समुद्राचं पाणी आता पोचत नाही, मीठ पिकत नाही. घरं माणसांना हवीत, आणि धारावीत राहणाऱ्यांच्या घराचा प्रश्न पक्ष्यांच्या नावाने उडवून लावणं मला मान्य नाही. पण जागा निकामी आहे हा दावा तपासता येण्याजोगा आहे. मार्च-एप्रिलमध्ये उधाणाच्या भरतीला, आठवड्यामागून आठवडा, तिथे किती पक्षी उतरतात हे मोजा. नाही उतरले तर पक्ष्यांचा मुद्दा तिथे संपला. उतरले तर घरांसाठी दुसरी जमीन शोधण्याचं ओझं सरकारवर आहे, स्टिंटवर नाही. मोजणीआधीच जमीन निकामी ठरवणं मात्र योग्य नाही.

आणि गाठ्या. गेटवेच्या बोटींवर कुरवांना गाठ्या, शेव, वेफर्स टाकण्याची चाल इतकी रुळली आहे की तो प्रवासाचाच भाग झाला आहे. त्याला विरोध करताना विरोधकही कधीकधी चुकीची कारणं देतात. मिठाने पक्षी मरतील असं म्हणतात, पण कुरवाच्या डोळ्यांवरच्या ग्रंथी समुद्राचं मीठ नाकपुड्यांतून बाहेर टाकण्यासाठीच असतात. तेलकट खाण्यावर कोणी उलट विचारेल की लांब उड्डाणाला चरबीच लागते ना, मग तळलेलं बेसन काय वाईट? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्याचं उत्तर डोक्यावरच्या नव्या पिसांत आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात कुरव डोक्याची आणि अंगाची पिसं बदलतो आणि उड्डाणाचे स्नायू वाढवतो. पीस आणि स्नायू प्रथिनांनी बनतात. ती प्रथिनं मासळी, खेकडे, किडे यांतून येतात. गाठ्यांनी पोट भरतं, भूक मरते आणि ज्या तासांत खरं अन्न शोधायचं ते तास बोटीमागे जातात. डिसेंबरात टाकलेल्या मूठभर शेवेने फार बिघडत नसेल, पण मार्चमध्ये तीच सवय नको त्या वेळी आडवी येते. खाऊ घालण्याला जीवदयेची बाजू आहे, हे नाकारत नाही. हाताशी आलेला रानपक्षी पाहून लहान मुलाचे डोळे जसे चमकतात तसे पुस्तकातलं चित्र पाहून चमकत नाहीत, आणि शहरात निसर्गाशी जवळीक इतकी कमी उरली आहे की ती एकदम तोडून टाकायला मन धजत नाही. पण ती तोडायची गरजच नाही. बोटीच्या पंख्याने ढवळलेल्या पाण्यात बारीक मासळी वर येते, म्हणून कुरव बोटीमागे येतातच. भाऊच्या धक्क्याला आणि ससून डॉकला कोळ्यांच्या बोटींभोवती ते रोज गोळा होतात. पुडी न फोडताही थवा दिसेल. कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये शहरात केवढं रण माजलं ते आपण पाहिलं. कुरवांच्या बाबतीत प्रकरण तिथवर जाण्याआधी बोटवाल्यांनी स्वतःहून पुड्या विकणं थांबवलं तर बरं.

राहिला सर्वांत आकर्षक आक्षेप: मुंबईत फ्लेमिंगो टिकून आहेत, हजारोंनी येतात, मग खाडीचं बिघडलं कुठे? फ्लेमिंगोचं, विशेषतः लहान फ्लेमिंगोचं, अन्न पाण्यातलं शेवाळ आहे, आणि सांडपाण्याने पोसलेल्या खाडीत शेवाळ फोफावतं. जी खाडी फ्लेमिंगोला मानवते ती चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्याला मानवेलच असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर या दोन्ही जाती ‘संकटप्रवण’ गटात ढकलल्या गेल्या. दोन्ही आपल्या चिखलावरचे नेहमीचे पक्षी आहेत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालानेही देशातल्या दूरच्या स्थलांतरितांबद्दल चिंताच व्यक्त केली आहे. गुलाबी थव्यांच्या छायाचित्रात हे करडे पक्षी दिसतच नाहीत, आणि तिथेच आपली फसगत होते.

करायचं काय, ते फार अवघड नाही. १ मार्च ते १५ मे या काळात खाडीकाठच्या विसाव्याच्या जागांवर भराव, खोदकाम आणि पाणी अडवणारी कुठलीही कामं बंद ठेवावीत. मेट्रोसारख्या प्रकल्पांतही पावसाळ्याचं वेळापत्रक पाळलं जातं, मग अडीच महिन्यांचं हेही पाळता येईल. पर्यावरण अभ्यासात हिवाळा आणि वसंत अशा दोन्ही पाहण्या सक्तीच्या कराव्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदला मध्य आशियाई उड्डाणमार्गाच्या संवर्धनाचा जो उपक्रम मान्य झाला, त्याचं समन्वय केंद्र भारतात असणार आहे. तीसेक देशांना आपण ज्याची शिस्त सांगणार, ती आधी आपल्या सर्वांत मोठ्या शहराच्या खाडीत दिसायला हवी.

आणि सरकारची वाट न बघता एक मोजणी कोणालाही सुरू करता येईल. मांडव्याच्या बोटीवरून, मरीन ड्राइव्हवरून, आक्षीच्या किनाऱ्यावरून, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून दर रविवारी शंभर तपकिरी डोक्याचे कुरव पाहायचे आणि त्यांतल्या किती जणांचं डोकं पूर्ण चॉकलेटी आहे ते लिहायचं. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असलेले पक्षी वेगळे धरायचे. ते गेल्या उन्हाळ्यात जन्मलेले असतात, त्यांची टोपी यंदा पुरी येत नाही, आणि त्यांतले काही तर उत्तरेला न जाता उन्हाळाभर इथेच रेंगाळतात. त्यांना प्रौढांत मिसळलं तर हिशेब चुकतो. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आणि बोटीवर खाणं टाकलं जात होतं की नाही, एवढी नोंद पुरे. ती ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली की कोणालाही वापरता येते. चार-पाच वर्षं अशी नोंद झाली तर मुंबईचे कुरव कधी तयार होतात, कोणत्या आठवड्यात निघतात आणि तापत्या उन्हाळ्यांबरोबर ती तारीख सरकते आहे का, हे सांगता येईल. खाडीकाठच्या कामांची तारीख ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला आज असा एकही आकडा आपल्या हातात नाही.